आठ पायांची आयसी, दोनशे छप्पन्न घरं

'शिरगाव' हे नाव युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत लिहायला १८ बाइट लागतात. कार स्टीरिओच्या पोटात बसलेल्या २४सी०२ या आयसीत जागा असते २५६ बाइटची. म्हणजे बदलापूर पूर्वेचं आपलं शिरगाव तिच्यात चौदा वेळा लिहून होतं, चार बाइट उरतात आणि आयसी भरते. एवढ्याशा जागेत स्टीरिओ आपला सगळा संसार मांडून बसतो: आवाज कुठे ठेवला होता, बास किती, रेडिओ कुठल्या देशाच्या हिशेबाने लावायचा, संचाचा क्रमांक काय, चोराला अडवणारा कोड कोणता. ही मेमरी आयसी वाचता येते, तिच्यातला मजकूर बदलून पुन्हा लिहिता येतो. दुकानातली पोरं त्याला 'डेटा मारणं' म्हणतात. लागणारं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, आणि शिकायला पदवी लागत नाही. हात स्थिर हवा आणि वाचलेलं जपून ठेवायची सवय हवी.

नावातला आकडा आणि खरी जागा

२४सी०२ मधला ०२ म्हणजे दोन किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून २५६ बाइट. २४सी१६ म्हणजे २,०४८ बाइट. नवशिका हमखास '१६' बघून १६ केबी समजतो, प्रोग्रामरमध्ये भलताच आकार निवडतो आणि मग तोच तो मजकूर पुन:पुन्हा आलेला बघून गोंधळतो. ९३सी४६ तर आणखी छोटी: एक किलोबिट, १२८ बाइट.

या २४ मालिकेच्या आयसी दोनच तारांवर बोलतात. एका तारेवर ठेका, दुसरीवर मजकूर. ही पद्धत फिलिप्सने १९८२ मध्ये आणली. आठ पायांपैकी तीन पाय नुसते पत्त्यासाठी असतात, त्यामुळे त्याच दोन तारांवर २४सी०२ सारख्या आठ आयसी एकमेकींत न गुंतता नांदू शकतात. एक पाय लिखाणाला कुलूप लावण्यासाठी. तो वीजपुरवठ्याला जोडलेला असेल तर तुम्ही कितीही डेटा मारा, आयसी हूं की चूं करत नाही. 'लिहिलं, पण बदललं नाही' अशी तक्रार असेल तर आधी तो सातवा पाय बघायचा.

चिपला हात लावण्याआधी पिवळी तार बघा

गाडी बंद केली की स्टीरिओ लावलेली स्टेशनं विसरतो, घड्याळ बारावर येतं. बरेच जण म्हणतात, मेमरी आयसी गेली. बहुतेक वेळा ती ठणठणीत असते. बाजारातल्या बहुतेक स्टीरिओंना दोन वीजतारा असतात: पिवळी कायम बॅटरीवर, लाल चावीवर. पिवळी तारच स्टेशनं आणि घड्याळ जागं ठेवते. फिटिंग करणाऱ्याने घाईत दोन्ही चावीवर जोडल्या, किंवा अदलाबदल केली, की प्रत्येक वेळी चावी काढली की स्टीरिओची पाटी कोरी.

यात एक मजेशीर जागा फोक्सवॅगनच्या गाड्यांत आहे. स्टीरिओमागच्या ठरलेल्या आयएसओ सॉकेटमध्ये चौथी पिन कायमच्या विजेची आणि सातवी चावीची. फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत नेमक्या याच दोन पिना उलट असतात. बाहेरचा चांगला महागडा स्टीरिओ आणून सरळ खोचला की तो रोज विसरतो. बाजारात मिळणाऱ्या कित्येक जोडतारांत पिवळी आणि लाल मध्येच सोडवून पुन्हा जोडता येते, ती याचसाठी. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी संच उघडून आयसी उपटणं म्हणजे शुद्ध नुकसान.

'सेफ' लिहून आलं, आता?

बॅटरी बदलली, स्टीरिओ चालू केला, पडद्यावर 'सेफ' किंवा 'कोड'. १९८० आणि ९० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत गाडीची काच फोडून स्टीरिओ पळवणं इतकं बोकाळलं की कंपन्यांनी संचालाच कुलूप घातलं. वीज तुटली की कोड दिल्याशिवाय गाणं नाही. महाराष्ट्रात शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा आणि चाकणला २००९ पासून फोक्सवॅगन जुळू लागल्या, तसा हा 'सेफ' आपल्या गॅरेजांतही ओळखीचा झाला. चुकीचा कोड दोनदा दिला की अशा बऱ्याच संचांत साधारण तासभर थांबावं लागतं, तेही संच चालू ठेवून. पुढच्या संचांनी आणखी हुशारी केली: ते गाडीच्या मीटरशी बोलून आपण आपल्याच गाडीत आहोत का हे तपासतात. त्याच गाडीत बॅटरी बदलली तर काही विचारत नाहीत, दुसऱ्या गाडीत नेले की अडून बसतात.

हा कोड आठ पायांच्या आयसीत असतो, हे खरं. जुन्या काही संचांत तो अगदी उघडा लिहिलेला असे, नव्या संचांत तो गुंतवून ठेवतात. पण आपली गाडी आपल्या नावावर असेल तर सरळ रस्ता आहे: गाडीच्या पुस्तिकेसोबत मिळालेलं कोडचं कार्ड शोधा, नाही तर संचाचा क्रमांक आणि आरसी बुक घेऊन अधिकृत विक्रेत्याकडे जा. मला अशा दुकानदारांबद्दल फार आदर वाटतो जे कोडचा संच समोर आला की आधी गाडीचे कागद मागतात. ज्याच्या मालकीचा पत्ता नाही असा संच उघडून देणं म्हणजे चोराचं काम पूर्ण करून देणं, आणि शिकणाऱ्या पोरांनी हे पहिल्याच दिवशी मनाशी पक्कं करावं.

खिडकी असलेली चिप

आजची आयसी विजेने पुसली जाते. तिची आजी उन्हाला घाबरायची. १९७१ मध्ये इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम बनवली, तिच्या पाठीवर काचेसारखी क्वार्ट्झची खिडकी होती. पुसायची तर अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. डेटा मारून झाला की खिडकीवर स्टिकर चिकटवायचा, नाही तर दिवसेंदिवसच्या उन्हाने मजकूर झिजत जायचा. भंगारात जुना संगणकाचा बोर्ड सापडला आणि एका मोठ्या आयसीवर कागदाचा चौकोन दिसला तर तो उचलून बघा, खाली सोनेरी तारांचं नाजूक जाळं आणि मधे चिपचा चमकता तुकडा दिसेल. तो कागद परत लावायला विसरू नका.

या सगळ्याच्या मुळाशी १९६७ चा एक शोध आहे. बेल लॅबमध्ये दावॉन कांग आणि सायमन झी यांनी चारी बाजूंनी रोधकाने वेढलेल्या धातूच्या थरात विद्युतभार कोंडून ठेवायची युक्ती मांडली. वीज गेली तरी भार आतच अडकून राहतो, आणि तो आहे की नाही यावरून शून्य की एक ते ठरतं. थरांचा केक खाताना कल्पना सुचली, अशी आठवण झी सांगत. मग १९७८ मध्ये इंटेलच्या जॉर्ज पर्लेगोस यांनी २८१६ ही आयसी केली. दिवा नको, खिडकी नको, विजेनेच पुसा, विजेनेच लिहा. पुढे १९८४ मध्ये त्यांनी ॲटमेल कंपनी काढली, आणि ॲटमेलचं नाव छापलेल्या २४सी०२ आजही जुन्या स्टीरिओंत सापडतात.

या वंशावळीत पुण्याचंही एक नाव आहे. फाळणीत रावळपिंडीहून आलेल्या कुटुंबातले विनोद धाम १९५० साली पुण्यात जन्मले. इंटेलच्या पहिल्या फ्लॅश मेमरी तंत्राच्या संशोधकांत ते होते. 'पेंटियमचे जनक' म्हणून त्यांचं नाव झालं ते नंतर.  

पुराचं पाणी आणि कोरडा डेटा

बदलापूरकराला २६ जुलै २००५ चा पूर सांगावा लागत नाही. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली होती. अशा दिवसांनंतर उल्हास नदीच्या काठच्या गाड्यांचे स्टीरिओ चिखल घेऊन दुरुस्तीला येतात.

इथे मेमरी आयसीचा खरा कस दिसतो. तिचा मजकूर इपॉक्सीच्या काळ्या आवरणात बंद असतो, आणि तो टिकवायला तिला वीज लागतच नाही. पाण्याने सडतात ते बोर्डावरचे पट्टे आणि आयसीचे पाय. घात होतो तो माणसाच्या घाईने: 'चालतोय का बघू' म्हणून ओला संच चालू केला की शॉर्ट होतो. पाणी लागलेला संच आधी बॅटरीपासून तोडायचा, खोलायचा, बोर्ड शुद्ध पाण्याने धुऊन मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, नीट वाळू द्यायचा. तरीही बोर्ड गेलाच, तर त्याच मॉडेलचा दुसरा चांगला बोर्ड आणून आपली मेमरी आयसी त्यावर बसवता येते. अनेक संचांत आपला कोड, आपली मांडणी सगळं सोबत येतं.

टिंब, लाल तार आणि 'एफएफ'ची भिंत

आता प्रत्यक्ष वाचन. बोर्डावर दोन ओळींत चार-चार पाय असलेली, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काळी आयसी शोधायची. जवळच मोठा अनेक पायांचा कंट्रोलर असतो. भिंगाने नंबर वाचायचा, मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही चालतो. आयसीच्या एका कोपऱ्यात छोटं टिंब असतं, तो पहिला पाय. प्रोग्रामरच्या चिमट्याची लाल तार त्या बाजूला. हे उलटं झालं तर आयसी हाताला चटका देण्याइतकी तापते, आणि बहुधा जातेच.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनाबाहेरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, सीएच३४१ए नावाचा छोटा यूएसबी प्रोग्रामर सहज मिळतो. नवशिक्यांचा तो लाडका आहे, पण त्याच्या काळ्या बोर्डाच्या जुन्या प्रकारात एक खोट आहे: ३.३ व्होल्टच्या आयसीलाही तो डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट देतो. २४ मालिकेच्या बऱ्याच आयसी साडेपाच व्होल्टपर्यंत सहन करतात. २५ मालिकेच्या फ्लॅश आयसी ३.३ च्या असतात, त्यांना हे सोसेलच असं नाही. मल्टिमीटर लावून आधी मोजा. घरात आर्डुइनो उनो असेल तर २४ मालिका वाचायला तोही पुरतो: ए४ आणि ए५ या दोन पिना, वीज, अर्थिंग, झालं.

चिमटा लावला, 'रीड' दाबलं. पडद्यावर सोळा-सोळाच्या ओळी उतरतात. प्रत्येक खण दोन अक्षरांचा, ०० पासून एफएफ पर्यंत. उजवीकडच्या पट्टीत त्याच बाइटांची अक्षरं: बहुतेक ठिकाणी नुसते ठिपके, मधेच संचाचा क्रमांक सलग वाचता येतो, एखादं मॉडेलचं नाव दिसतं. आपल्या गाडीचा नंबर असावा तसा तो क्रमांक समोर आला की पहिल्यांदा वाचणाऱ्याचा चेहरा उजळतो. तो क्षण मला या कामातला सगळ्यात सुंदर वाटतो.

सगळा पडदा एफएफ एफएफ एफएफ? आयसी कोरी आहे असं लगेच समजू नका. कोरी आयसी एफएफच दाखवते, पण चिमटा नीट न बसलेली आयसीसुद्धा बहुधा एफएफच दाखवते. तारा बाजूला करा, पाय ब्रशने साफ करा, पुन्हा लावा. दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून बघा. एका बाइटचाही फरक निघाला तर ते वाचन टाकून द्या. बऱ्याचदा कारण असं असतं की प्रोग्रामरची वीज बोर्डभर पसरते, शेजारचा कंट्रोलर जागा होतो आणि तोही त्याच दोन तारांवर बोलू लागतो. मग आयसी बोर्डावरून उतरवावी लागते. फ्लक्स लावून, गरम हवेच्या गनची हवा बेताची ठेवून, टाका वितळला की चिमट्याने अलगद. ओढायची नाही. ओढली तर खालचा तांब्याचा पट्टा उखडतो आणि पाच मिनिटांच्या कामाला दुपार जाते.

दोन वाचनं जुळली की फाइलला संचाचं मॉडेल आणि तारीख देऊन दोन ठिकाणी ठेवायची. ती फाइल हाच तुमचा परतीचा रस्ता. त्यानंतर एका वेळी एकच बदल, लिहून झालं की 'व्हेरिफाय'. एक बाइट लिहायला आयसीला फार तर पाच-दहा मिलिसेकंद लागतात, त्यामुळे घाई करून वाचतं ते काहीच नाही.

९३ मालिकेत एक फसवा सापळा आहे. ती आयसी आठ-आठ बिटांनीही वाचता येते आणि सोळा-सोळांनीही. निवड चुकली की जोड्या उलटतात, शब्दातली अक्षरं दोन-दोनांनी जागा बदलतात. मॉडेलचं नाव ओळखीचं पण विस्कटलेलं दिसलं की समजायचं, डेटा शाबूत आहे, वाचायची पद्धत बदला.

अस्मिता सापडत नाही

परदेशातून आलेला स्टीरिओ आपल्याकडे अर्धवट बहिरा का असतो? मध्यम लहरीवर आशिया-युरोपात स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर बसतात. ही मांडणी नोव्हेंबर १९७८ पासूनची. अमेरिकेत पायरी १० ची. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर: नऊ बासष्टे ५५८, बरोबर पायरीवर. अमेरिकी हिशेबाचा संच ५५० वरून थेट ५६० वर उडी मारतो आणि अस्मिता मधेच राहते. विविध भारतीच्या मुंबईतल्या ११८८ चंही तेच.

जपानी संचाची गंमत वेगळी. जपानचा जुना एफएम पट्टा ७६ पासून ९० मेगाहर्ट्झपर्यंत, आणि मुंबईची खाजगी स्टेशनं सुरू होतात ९१.१ पासून. पट्टा संपतो तिथे आपली गाणी सुरू. काही संचांत देश निवडायची सोय मेनूत असते, काहींत दोन बटणं दाबून धरून, आणि काहींत ती मेमरी आयसीतल्या एखाद्या बाइटवर ठरते. पण जपानी संचाचं हार्डवेअरच वरचा पट्टा पकडत नसेल तर बाइट बदलून काही होत नाही. त्यासाठी 'बँड एक्स्पांडर' नावाची छोटी डबी अँटेनाच्या तारेत बसवतात.

दहा लाख वेळा

चांगल्या २४सी०२ ला दहा लाख वेळा लिहिता येतं आणि मजकूर शंभर वर्षं टिकतो, असं कंपन्या आपल्या माहितीपत्रकात सांगतात. आवाज रोज शंभर वेळा कमी-जास्त केला आणि प्रत्येक वेळी संचाने लिहून ठेवलं, तरी सत्तावीस वर्षं निघतात.

नवी महागडी मेमरी मात्र इतकी चिवट नाही. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्स गाड्यांत ८ जीबीची मेमरी नोंदी लिहून लिहूनच झिजली, पडदे काळे पडू लागले, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कधी मेमरी झिजलेली नसतानाही संच फसतो. जानेवारी २०२२ मध्ये सिएटलच्या एका सार्वजनिक रेडिओ केंद्राने गाण्यासोबत चित्र पाठवलं, फाइलच्या नावाला शेपूट लावायचं राहिलं, आणि २०१४ ते २०१७ च्या काही माझदा गाड्यांचे संच त्या केंद्राच्या ९४.९ वरच अडकून बसले. बटणं दाबा, काही करा, तेच स्टेशन. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला होंडाच्या कित्येक गाड्यांची घड्याळं २००२ सालात गेली. जीपीएस आठवडे मोजताना १,०२४ झाले की पुन्हा शून्यावर येतं, म्हणजे साधारण साडेएकोणीस वर्षांनी, आणि त्या संचांचा हिशेब तिथेच चुकला.

पहिला हात कशावर?

आपल्या चालू गाडीच्या स्टीरिओवर तर अजिबात नको. भंगारवाल्याकडून जुना व्हीजीए मॉनिटर आणा. त्याच्या सॉकेटजवळ बहुधा २४सी०२ असते. मॉनिटर आपली ओळख संगणकाला सांगतो ती तिच्यातूनच. वीजतार काढून, चार्ज राहिलेल्या मोठ्या कपॅसिटरच्या भागाला हात न लावता तो छोटा बोर्ड वेगळा करा आणि वाचा. पहिले आठ बाइट ठरलेले असतात: ००, मग सहा वेळा एफएफ, मग ००. तसेच आले तर चिमटा, तारा, आकाराची निवड, सगळं बरोबर जमलं. पुढे कंपनीची खूण, कुठल्या आठवड्यात आणि साली बनला तेही सापडतं. किंवा जुनी डीडीआर२ रॅमची पट्टी घ्या. तिच्या कडेला तीच आठ पायांची आयसी असते आणि तिसरा बाइट ०८ निघतो. मजकूर दोन्ही वाचनांत सारखा आला की एखादा बाइट मुद्दाम बदला, लिहा, ताडून बघा, मूळ फाइल परत मारा. मूळ फाइल बाइट-न्-बाइट परत बसली की मग स्टीरिओचा स्क्रू उघडायला हरकत नाही.